आबांचा खोकला आणि आमची तिकिटं

रेल्वेचं तिकीट ऑनलाइन काढताना पैसे भरायच्या जरा आधी एक प्रश्न येतो : प्रवास विमा हवा का? माणशी ४५ पैसे. एवढ्या पैशात हल्ली चिंचेची गोळीसुद्धा येत नाही, त्यामुळं सगळेच 'हो' म्हणून मोकळे होतात. आमचे धाकटे भाऊजी तर त्या ४५ पैशांवर फार भिस्त ठेवून असतात. कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई असो की हरिप्रियानं तिरुपती, निघायच्या तोंडावर घरात कुणी आजारी पडलं की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, "विमा काढलाय की वैनी, पैसे कुठं जात्यात?"

पैसे जातात. तो विमा गाडीच्या अपघाताचा आहे. अपघातात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर १० लाख, अंशतः अपंगत्व आलं तर साडेसात लाख, दवाखान्याच्या खर्चापोटी २ लाखांपर्यंत. गाडीला काही झालं तर त्याचा उपयोग. प्रवासाला निघायच्या आधीच घरातल्या कुणाला काही झालं, तर त्याचा काडीचाही संबंध नाही. भाऊजींना हे मी बऱ्याचदा सांगितलंय, पण तो ४५ पैशांचा आनंद त्यांना सोडवत नाही.

तिकीट रद्द करायचं तर रेल्वे फक्त घड्याळ बघते. माझं पाठ झालेलं कोष्टक २०१५ च्या नियमांचं. कन्फर्म तिकीट गाडी सुटायच्या ४८ तास आधी रद्द केलं तर स्लीपरला १२० रुपये, थर्ड एसीला १८०, सेकंड एसीला २०० रुपये कापायचे. ४८ ते १२ तासांच्या मध्ये पाव भाडं, १२ ते ४ तासांच्या मध्ये निम्मं, त्यानंतर रामराम. कन्फर्म तत्काळ असेल तर पहिल्यापासूनच रामराम. हे आकडे अधूनमधून बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी परत एकदा बघून घेतलेलं बरं. पण आजारपणाचा रकाना त्यात कुठंच नसतो. सासू आयसीयूत आहे म्हणून तिकीट रद्द करणारा आणि सहज कंटाळा आला म्हणून रद्द करणारा, दोघांना एकच हिशेब. मला तो एका परीनं आवडतो, निदान कुणाला तोंड वेंगाडावं लागत नाही.

रेल्वेची एक सोय मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. कन्फर्म तिकीट घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नावावर करून मिळतं. गाडी सुटायच्या २४ तास आधी स्टेशनवरच्या आरक्षण कार्यालयात अर्ज द्यायचा, सोबत ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको, एवढीच नाती. माझ्या थोरल्या जाऊबाईंना तिरुपतीच्या वेळी ताप भरला, तेव्हा त्यांच्या जागी त्यांची लेक गेली. मी जाऊ शकले नसते, कारण जावेचं तिकीट जावेला होत नाही आणि सासूचं सुनेलाही नाही. गंमत म्हणजे लेक तिरुपतीला पोचली, पण दर्शन? ३०० रुपयांचं विशेष प्रवेश दर्शन आईच्या नावावर होतं, आणि ते ना रद्द होतं, ना दुसऱ्याच्या नावावर. पोरगी धर्मदर्शनाच्या रांगेत उभी राहून दर्शन घेऊन आली आणि परतल्यावर रिवाजाप्रमाणे अंबाबाईच्या पायरीला डोकं टेकवून घरी आली. आईपेक्षा जास्त पुण्य तिलाच लागलं असणार.

हे झालं शे-दोनशे रुपयांचं. खरी परीक्षा मोठ्या प्रवासाला होते.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही युरोपला जाणार होतो. हे, मी आणि लेक. कोल्हापूर ते मुंबई रेल्वे, तिथून विमान, पुढं टूर कंपनीची बस आणि रोज रात्री वेगळं हॉटेल, त्या पद्धतीची सहल. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, म्हणून विमा काढावा की नको हा प्रश्नच आला नाही. कंपनीनंच काढून दिला. तिघांच्या तीन पॉलिसी, पीडीएफमध्ये. यांनी पहिलं पान उघडलं, त्यावर १,००,००० डॉलर हा आकडा बघितला आणि समाधानानं फाइल बंद केली.

आबा म्हणजे माझे सासरे. वय ऐंशीच्या आसपास, तरुणपणी तालमीत घाम गाळलेलं शरीर. शिवाजी पेठेतल्या घरातून पहाटे चालत गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जायचं, म्हशीची धार डोळ्यांदेखत ग्लासात पडली की उभ्या उभ्या प्यायचं, चार गप्पा मारून परत. पाऊस असो, थंडी असो, यात खंड नाही. पंचगंगेला पूर आला आणि गंगावेशीकडचा रस्ता पाण्यात गेला, तरच आबा घरात. एप्रिलमध्ये ते कट्ट्यावर रिक्षानं जायला लागले. विचारलं तर "गुडघा धरलाय." गुडघा कुणाचा धरत नाही? कुणी फार खोलात गेलं नाही.

खरं काय ते आईंकडून कळलं. आई म्हणजे सासूबाई. त्यांना कुणाची चुगली करायला आवडत नाही, त्यामुळं त्यांनी फार दिवस गिळलं. शेवटी एका दुपारी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "रातच्याला आडवं पडत न्हाईत. तीन उश्या लावून बसून ऱ्हात्यात. आन् खोकला आला की बाथरूमात जाऊन नळ सोडत्यात."

नळ सोडतात. का, तर खोकल्याचा आवाज आमच्या खोलीपर्यंत येऊ नये म्हणून. मी गेले तेव्हा आबा पलंगावर टेकून बसले होते, गळ्याजवळची खाच श्वासागणिक आत ओढली जात होती. "आबा, कधीपासून चाललंय हे?" त्यांनी हातानंच बस म्हटलं. दम घेऊन म्हणाले, "तिकटं काढल्यात न्हवं? पैसं भरल्यात न्हवं? मग माझं काय घिऊन बसलाय. जावा तुमी. आल्यावर बघू."

हे वाक्य मी त्याआधीही ऐकलं होतं, वेगवेगळ्या घरांत. माझ्या माहेरी आजीनं काशीच्या यात्रेपायी छातीतली कळ लपवली होती. शेजारच्या काकूंनी मुलाच्या दुबईच्या तिकिटांसाठी स्वतःचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढं ढकललं. भरलेले पैसे बुडणार असले की घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस सगळ्यात आधी गप्प होतं. त्याला वाटतं, आपलं आजारपण हा एक खर्च आहे आणि तो टाळणं आपल्या हातात आहे. प्रवास विम्याकडं आपण नुकसानभरपाई म्हणून बघतो, त्यात चूक काही नाही. पण मला त्याचा दुसरा उपयोग जास्त मोठा वाटतो. पैसे परत येण्याची वाट असली, की आबांसारख्या माणसाला "बरं वाटत न्हाई" म्हणायला मोकळीक मिळते. ती वाट आहे हे त्यांना आधीच सांगायला हवं, एवढंच. पहिल्या पानावरचे लाख डॉलर आपण त्यांना दाखवतो, त्याऐवजी आत कुठंतरी दडलेली 'सहल रद्द झाल्यास' ही ओळ दाखवली पाहिजे.

न्यूमोनिया निघाला. दवाखान्यात दाखल, ऑक्सिजन, शिरेतून अँटिबायोटिक. त्या रात्री आमच्या स्वयंपाकघरात सभा भरली. पहिला प्रस्ताव यांचा : "तुम्ही दोघी जा, मी थांबतो." दुसरा थोरल्या जाऊबाईंचा : "आम्ही मेलोय व्हय? तिघंही जावा, आम्ही बघतो आबांचं." तिसरा टूर कंपनीच्या माणसाचा, फोनवर : ही तारीख सोडा, सप्टेंबरच्या बॅचला घालतो, कापून राहील त्याची क्रेडिट नोट घ्या. तिसऱ्यात अडचण व्हिसाची. व्हिसाच्या स्टिकरवर तारखा छापलेल्या असतात, सप्टेंबरसाठी परत अर्ज, परत फी, आधीची फी काही परत येत नाही. आपल्या जागी दुसऱ्या कुणाला पाठवणंही परदेशी सहलीत जमत नाही, व्हिसा आणि विमानाचं तिकीट माणसाच्या नावाला चिकटलेलं. देशातल्या सहलीत बऱ्याच कंपन्या नाव बदलून देतात, तिथं विचारायला लाजू नये.

रद्द करायचं ठरलं. आणि तिथं तो नळ महाग पडला. टूर कंपनीच्या बुकिंग फॉर्मवर टप्पे होते. निघायला महिन्याहून जास्त वेळ असेल तेव्हा रद्द केलं तर थोडे कापणार, महिन्याच्या आत निम्मे, १५ दिवसांच्या आत सगळेच. आबा खोकला लपवून बसले होते त्या काळात पहिली रेघ ओलांडली गेली. ज्या पैशासाठी ते रात्र रात्र बसून राहिले, त्याच पैशातला निम्मा वाटा तेवढ्यात गेला. हे त्यांना आम्ही त्या वेळी सांगितलं नाही. दुसरी रेघ यायच्या आत, मध्यरात्री, मी ईमेल पाठवला. फोनवर रद्द केलेलं मोजत नाहीत, ईमेलची वेळ मोजतात. विमा कंपन्याही हेच बघतात. आजार कळल्यावर लगेच रद्द केलं असतं तर जेवढं नुकसान झालं असतं तेवढंच देतात, उशिरापायी वाढलेलं आपल्या माथी.

मग मी पेन्सिल घेऊन पॉलिसी वाचायला बसले. सहकारी बँकेत आयुष्य गेलंय, बारीक टाइप वाचायची सवय आहे. लाख डॉलर होते ते परदेशात आपण आजारी पडलो तर. सहल रद्द झाली तर माणशी मर्यादा १,००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं ८३ हजारांच्या आसपास. बुडालेले पैसे त्याहून जास्त. तेही फक्त दुसरीकडून परत न मिळालेल्या रकमेपुरते, म्हणजे आधी टूर कंपनीकडून, रेल्वेकडून जे येईल ते घ्यायचं, त्याच्या पावत्या जोडायच्या, उरलेलं विम्याकडं मागायचं. कारणं मोजकी : स्वतः प्रवासी किंवा 'जवळचे कुटुंबीय' यांचा मृत्यू, अचानक आलेला गंभीर आजार, दवाखान्यात दाखल होणं. जवळचे कुटुंबीय कोण, याची यादी प्रत्येक कंपनीची निराळी. काहींत सासू-सासरे असतात, काहींत नसतात. काहींत भाऊ-बहीण असतात. काका, आत्या, मावशी सहसा कुठंच नसतात. आमच्या यादीत आई-वडील आणि सासू-सासरे होते, म्हणून यांना आणि मला आबा चालले. लेकीला चालले नाहीत, आजोबांना यादीत जागा नव्हती. दवाखान्यात रोज संध्याकाळी त्यांना पेज भरवणारी तीच, पण कागदावर ती त्यांची जवळची नव्हती. तिचा दावा फेटाळला गेला.

आमच्या दोघांचाही अडकला. का, ते सांगण्यासारखं आहे.

दवाखान्यात दाखल करायच्या रात्री कॅज्युअल्टीत एक कोवळा डॉक्टर फॉर्म भरत होता. बी.पी. आहे? शुगर आहे? कधीपासून? धाकटे भाऊजी जवळ उभे होते, घाबरलेले. म्हणाले, "असंल की, वीसेक वर्षं." डॉक्टरनं लिहिलं. तेच पुढं डिस्चार्ज कार्डावर पहिल्या ओळीत टाइप होऊन आलं, 'नोन केस ऑफ डायबेटिस, वीस वर्षे'. विमा कंपनीचं पत्र आलं त्यात नेमकी तीच ओळ उचललेली. आधीपासूनच्या आजारातून उद्भवलेली स्थिती, सबब दावा देय नाही. हे कलम फक्त प्रवाशाला लागत नाही, घरी राहिलेल्या आजारी माणसालाही लागतं. आणि ऐंशीतल्या कुठल्या माणसाला आधीपासून काही नसतं?

आबांना शुगर आहे, ती वीस नव्हे, बऱ्याच कमी वर्षांची, गोळ्यांवर ताब्यात. आणि न्यूमोनिया काही शुगरनं झालेला नव्हता. मी फॅमिली डॉक्टरांकडची जुनी केसपेपरची चळत काढली, पहिल्यांदा शुगर सापडली तो रिपोर्ट काढला. मग उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडं जाऊन बसले आणि त्यांच्याकडून एक पत्र लिहून घेतलं : हा जंतुसंसर्गामुळं अचानक आलेला आजार आहे, त्याचं कारण मधुमेह नाही, रुग्णाला या तारखेपासून या तारखेपर्यंत जवळच्या माणसांची गरज होती. 'विश्रांतीचा सल्ला दिला' एवढं मोघम सर्टिफिकेट कामाचं नसतं, तारखा आणि कारण दोन्ही लागतात. डॉक्टर मंडळी कामात असतात, पण कागद कशाला हवाय ते नीट सांगितलं तर लिहून देतात. ते जोडून कंपनीच्या तक्रार विभागाला अर्ज केला. महिन्याभरात उत्तर आलं नसतं किंवा परत नकार आला असता तर पुण्यात विमा लोकपालांचं कार्यालय आहे, तिथं फी लागत नाही, वकीलही लागत नाही. तिथवर जायची वेळ आली नाही. पावसाळा संपता संपता दोघांचे पैसे खात्यात आले. व्हिसाची फी, लेकीचा वाटा आणि मर्यादेच्या वरचं, हे सगळं गेलं ते गेलंच.

या उठाठेवीमुळं भावकीत माझी कीर्ती झाली. पुतण्याचं उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरून, हैदराबादचं विमान होतं आणि त्याची बायको बाळंतपणाला लवकर ॲडमिट झाली. तो म्हणाला, काकू, स्वस्तातलं तिकीट आहे, काही परत येत नाही, कशाला रद्द करू? मी म्हटलं, कर. भाडं बुडलं तरी विमानतळाची फी आणि कर कंपनीला परत द्यावेच लागतात, तसा विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे, नॉन-रिफंडेबल तिकिटालासुद्धा. रद्द करण्याचा आकार मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांहून जास्त लावता येत नाही. त्यानं कुरकुरत केलं. जे आलं त्यात बारशाचे पेढे बसले असते. बुकिंगच्या वेळी दोन-तीनशे रुपयांत 'झिरो कॅन्सलेशन' म्हणून जे विकतात, तेही घरात नाजूक माणूस असेल तर मला वाईट वाटत नाही, कारण त्यात डॉक्टरचं पत्र कुणी मागत नाही. फक्त किती तास आधीपर्यंत चालतं आणि जास्तीत जास्त किती परत येतं, ते बघून घ्यायचं.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, कुठल्याही कारणानं रद्द करा अशी जोडपॉलिसी मिळते. ती महाग असते, पहिले पैसे भरल्यापासून साधारण दोन-तीन आठवड्यांत घ्यावी लागते आणि पूर्ण नव्हे, निम्मे ते पाऊण पैसे देते. कॅलिफोर्नियातल्या भाचीनं मला ती समजावून सांगितली तेव्हा मी तिला म्हटलं, आमच्याकडं अशी पॉलिसी निघाली तर कारणं शोधायचे क्लास निघतील.

आबांना पैसे मिळाल्याचं कळलं तेव्हा ते परत चालत कट्ट्यावर जायला लागले होते. किती आले ते त्यांना सांगावं की नको यावर आमच्यात मतभेद होता, पण लेकीनं सांगून टाकलं. आबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे माझ्या खोकल्याचं दीड लाख झालं?" मी म्हटलं, "वेळेवर खोकला असता तर जास्त वाचलं असतं आबा." हसताना त्यांना परत ठसका लागला.

पुढची भानगड त्यांनीच करून ठेवली. गंगावेशीत त्यांनी सांगितलं की सूनबाईनं न्यूमोनियाचं दीड लाख आणलं. त्यांची गोष्ट सांगायची तऱ्हा अशी की विमा कुठं, युरोप कुठं, सगळं गळून फक्त खोकला आणि दीड लाख तेवढं उरलं. आठवड्याभरात कट्ट्यावरचे दोन आजोबा घरी आले. चहा झाला. एकानं सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढं ठेवला. पुढच्या सोमवारी ठरलेल्या अँजिओप्लास्टीची चिठ्ठी होती.

"पोराचं सिंगापूरचं तिकीट हाय पुढल्या म्हैन्यात," ते म्हणाले. "आज पॉलिसी काढली तर जमंल न्हवं?"

मी त्यांना समजावलं, की आजार माहीत झाल्यावर काढलेल्या पॉलिसीत तो आजार बसत नाही, पोराला आजच्या आज तिकिटाची तारीख पुढं ढकलायला सांगा. ते आबांकडं बघायला लागले. आबा खिडकीबाहेर.

"ह्ये तुमी सांगितलं न्हाई," आजोबा म्हणाले.

"मला तरी कुठं ठावं होतं," आबा म्हणाले. "मी निस्ता खोकलो."